डॉक्टर की मास्तर : किनेसिओलॉजीतल्या चौदा रिकाम्या जागा

"एवढ्या दूर जाऊन पोरीले पी.टी.च शिकाची होती, तं अमरावतीत काय वाईट होतं?"

आजोबांचा हा प्रश्न मी फोनच्या पडद्यावर ऐकला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका घरात. टेबलावर पोह्यांच्या बशा आणि त्यांच्या शेजारी पाच विद्यापीठांची, किनेसिओलॉजीच्या म्हणजे माणसाच्या हालचालीच्या शास्त्राच्या पदवीची माहितीपत्रकं. विचारणारा माणूस स्वतः जन्मभर पी.टी.चा मास्तर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला. मंडळ १९१४ चं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला तिथून पथक गेलं होतं, हे ते नव्या पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. तेव्हा व्यायामाला कमी लेखणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. पाऊस आला की शाळेत त्यांचा तास गणिताच्या सरांना जायचा. नातीच्या वाट्याला तसला तास नको, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी ओंटारिओतल्या एका हायस्कूलमध्ये गायडन्स काउन्सिलर आहे. ही मुलगी माझ्या शाळेतली नव्हती, ओळखीच्या घरातली होती. घरात तिला सगळे छोटी म्हणतात, इथेही तेच म्हणते. घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळखू येईल अशा खुणा बदलल्या आहेत. तिचं प्रकरण निवडलं कारण दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या मराठी घरात मला एकच प्रश्न येतो, ही पदवी डॉक्टर व्हायला बरी की मास्तर व्हायला, आणि नव्वद टक्के वेळा तो चुकीच्या जागी विचारलेला असतो.

छोटी तेव्हा बारावीत. व्हॉलीबॉल खेळणारी, सरासरी ८९च्या आसपास. आईच्या मनात मेडिसिन. वडिलांच्या मनात 'जे काय करायचं ते ठरवून करा'. छोटीच्या मनात काय होतं ते तिला सांगता येत नव्हतं. पण त्या सत्रात ती पी.एस.के.४यू. हा विषय घेत होती आणि त्याच वहीला तिने कव्हर घातलं होतं. ओंटारिओच्या बारावीत 'इंट्रोडक्टरी किनेसिओलॉजी' नावाचा हा विद्यापीठ-पात्र विषय आहे. स्नायू, सांधे, हालचालीचं यंत्रशास्त्र, मुलांची शारीरिक वाढ, खेळ आणि समाज, असं सगळं त्यात थोडं थोडं येतं. तो शिकवणाऱ्या बाई तिला फार आवडायच्या. ही गोष्ट मी तेव्हा टिपून ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

आईची पसंती लाइफ सायन्सेसला होती. "ताई, मेडिसिनला जायचं तर सायन्सची डिग्री नको का? व्यायामाच्या डिग्रीवर कोण घेणार?" आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक पालकाची इथे गल्लत होते. महाराष्ट्रात बारावीनंतर नीट, आणि नीटनंतर थेट एम.बी.बी.एस. इथे मेडिसिन ही बहुतेकांसाठी दुसरी पदवी आहे. आधी विद्यापीठात तीन-चार वर्षं काढायची, मग अर्ज करायचा. आणि ओंटारिओतली मेडिकल स्कूल्स पहिल्या पदवीचं नाव विचारत नाहीत. संगीताची चालते, इतिहासाची चालते, किनेसिओलॉजीची तर चालतेच. बघतात ते गुण, काही ठिकाणी ठरावीक विषय, मेडिसिनची प्रवेशपरीक्षा एम्‌कॅट, कॅस्परसारखी परिस्थिती-परीक्षा, आणि सोळाव्या वर्षापासून तुम्ही अभ्यासाबाहेर काय केलंत त्याची यादी.

मध्येच नाशिकच्या मामांनी गोंधळ घातला. त्यांनी इंटरनेटवर 'किनेसिओलॉजी' शोधलं, तर कुणीतरी हात लांब करून उभं आहे, दुसरा तो दाबतो आहे आणि त्यावरून यकृताचं निदान होतं आहे, असा व्हिडिओ निघाला. ती 'अप्लाइड किनेसिओलॉजी'. जॉर्ज गुडहार्ट नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने १९६४ मध्ये काढलेली, आणि विज्ञानाच्या कसोटीवर न टिकलेली. विद्यापीठातल्या विषयाशी तिचं नावापलीकडे नातं नाही. खेळाडूंच्या खांद्यावर दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांचंही तसंच. अख्खी पदवी म्हणजे त्या पट्ट्या चिकटवायला शिकणं, असं समजणारे पालकही मला भेटलेत.

विषयाचं खरं घर इथलंच म्हणायला हरकत नाही. वॉटर्लू विद्यापीठाने १९६७ मध्ये किनेसिओलॉजीचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो जगातला पहिला असल्याचं ते अभिमानाने सांगतात. ओंटारिओत किनेसिओलॉजिस्ट हा कायद्याने नियंत्रित आरोग्य व्यवसाय आहे. कायदा २००७ चा, आणि एप्रिल २०१३ पासून त्यांचं स्वतःचं नियामक कॉलेज आहे. परीक्षा देऊन नोंदणी केल्याशिवाय 'किनेसिओलॉजिस्ट' ही उपाधी नावापुढे लावता येत नाही. कामावर पाठ धरलेल्या कामगाराला पुन्हा उभं करणं, हृदयविकारानंतरचा व्यायाम, कारखान्यात मशीन आणि माणूस यांची उंची जुळवणं, अशी त्यांची कामं. आजोबांना यातलं एकच वाक्य पटलं. "म्हणजे सरकारी रजिस्ट्रेशन आहे." हो, आहे.

छोटीने किनेसिओलॉजी घेतली. सप्टेंबर २०१८.

आता मूळ मुद्द्याकडे. ही पदवी मेडिसिनसाठी चांगली की शिक्षक होण्यासाठी, हा प्रश्न बारावीच्या टेबलावर सुटत नाही, कारण पदवी दोन्हीकडे जाते. तो सुटतो, किंवा हातातून सुटून जातो, दुसऱ्या वर्षाच्या विषय-नोंदणीच्या वेळी. त्या दिवशी घरात कोणी पोहे करत नाही आणि कोणी मला फोन करत नाही. मुलगा किंवा मुलगी रात्री लॅपटॉपवर वेळापत्रकात बसेल तो विषय टाकून मोकळी होते.

छोटीच्या विद्यापीठात पदवीला ४० अर्धे, म्हणजे एकेका सत्राचे, कोर्स लागायचे. त्यातले २६ सक्तीचे. शरीररचना, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स, मोटर कंट्रोल, व्यायामाचं शरीरशास्त्र, संख्याशास्त्र वगैरे. उरले १४. या चौदा रिकाम्या जागा म्हणजे तिचं खरं भांडवल होतं. पहिल्या वर्षी त्यातल्या दोन तिने उडवल्या. एकीत खगोलशास्त्राची ओळख, दुसरीत पॉप संगीताचा इतिहास. सल्लागाराने म्हणे सांगितलं होतं, "इलेक्टिव्ह काहीही घे, फरक पडत नाही." दहा मिनिटांत दिलेला सल्ला. फरक पडत होता.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. "काकू, मला दोन्ही दारं उघडी ठेवायचीत." मी म्हटलं, ठेवू, पण दारांना कोर्स लागतात, मोजून बघू. तिच्या जुन्या वहीचं मागचं पान फाडलं आणि मधोमध उभी रेघ मारली.

डाव्या बाजूला मेडिसिन. एम्‌कॅटच्या चार भागांपैकी तिघांत सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिक, जीवरसायन, जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र येतं, चौथा वाचन-आकलनाचा. किनेसिओलॉजीच्या सक्तीच्या कोर्समध्ये जीवशास्त्र आणि मानसशास्त्र भागत होतं. रसायन आणि भौतिक नव्हतं. म्हणजे सामान्य रसायनाचे दोन, सेंद्रियचे दोन, जीवरसायनाचा एक, भौतिकचे दोन, समाजशास्त्राचा एक. आठ.

उजव्या बाजूला शिक्षकी पेशा. ओंटारिओत शिक्षक व्हायला पदवीनंतर बी.एड. लागतं, आणि २०१५ पासून ते चार सत्रांचं, म्हणजे साधारण दोन वर्षांचं झालं आहे. त्यात किमान ८० दिवस प्रत्यक्ष वर्गात. हायस्कूलला शिकवायचं तर दोन 'टीचेबल' विषय लागतात. पहिल्यात साधारण दहा अर्धे कोर्स, दुसऱ्यात सहा. छोटीचा पहिला विषय आपोआप ठरला होता, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण. दुसरा तिने मनात धरला होता गणित. "कारण गणिताचे शिक्षक लागतात असं सगळे म्हणतात." गणिताचे सहा.

आठ आणि सहा चौदा. पण दोन उडालेत, हातात बाराच.

ती पानाकडे बघत बसली. मग मी दोन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली. दुसरा विषय गणिताऐवजी रसायनशास्त्र घेतला तर? सामान्य रसायन दोन, सेंद्रिय दोन, जीवरसायन एक, हे पाच तर मेडिसिनसाठी घ्यायचेच आहेत. त्यात एक जोडला की सहा होतात. भौतिकचे दोन आणि समाजशास्त्राचा एक धरून नऊ. बारातून नऊ गेले तरी तीन हातात राहतात, आणि दोन्ही दारं उघडी.

या पानात माझी काही हुशारी नाही. किनेसिओलॉजी करणाऱ्या कुठल्याही मुलाला हे अर्ध्या तासात मांडता येतं. फक्त कोणी मांडायला बसत नाही. एक गाठ मात्र होती. जीवरसायनाचा कोर्स रसायनात मोजायचा की जीवशास्त्रात, हे शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विभागाचं आपापलं असतं. छोटीने तीन ठिकाणी ई-मेल टाकले. दोघांनी 'चालेल' कळवलं, एकाने 'कोर्सचा तपशील पाठवा' म्हटलं. ती उत्तरं तिने छापून फाइलला लावली. ही सवय आजोबांची. त्यांच्याकडे १९७० च्या दशकातली ग्राउंडची परवानगीपत्रंसुद्धा आहेत.

आणि रसायनाचा एक वरचा फायदा. शारीरिक शिक्षण हा पहिला विषय असलेले उमेदवार इथे ढिगाने असतात, कारण किनेसिओलॉजी केलेल्या प्रत्येकाकडे तो असतोच. शाळेचा मुख्याध्यापक बघतो ते दुसऱ्या विषयाकडे. फ्रेंच असेल तर सोनंच, पण छोटीने फ्रेंच नववीला सोडलं होतं.

मग आलं दुसरं वर्ष, आणि त्याच्याबरोबर हिशेबात न धरलेली गोष्ट.

आधी तिला जे जमलं ते सांगते. शरीररचनेची प्रात्यक्षिक परीक्षा इथे 'बेल रिंगर' म्हणून ओळखली जाते. प्रयोगशाळेत टेबलं मांडलेली, प्रत्येकावर देहदानातून आलेल्या शरीराचा भाग, त्यात कुठेतरी रोवलेली टाचणी आणि शेजारी एक प्रश्न. मिनिटभराने घंटा, की पुढच्या टेबलावर सरकायचं. मागे वळायचं नाही. छोटी सांगते, सातव्या टेबलावर दंडात टाचणी होती आणि ती ज्या नसेला लागली होती ती एका स्नायूला भोक पाडून पलीकडे जात होती. बाकीच्यांनी नस ओळखायला धडपड केली. हिने उलटं केलं, आधी स्नायू बघितला. दंडात नसेने असा आरपार भोसकलेला स्नायू एकच, कोरॅकोब्रेकिअॅलिस, म्हणजे नस मस्क्युलोक्युटेनियस. घंटा व्हायच्या आत लिहून ती उभी होती. "काकू, आधी रस्ता नाही बघायचा, बोगदा बघायचा." मुलीचं डोकं कसं चालतं ते मला त्या वाक्यात दिसलं.

बायोमेकॅनिक्सही तिने असंच पचवलं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने आजोबांना पाच किलोची तांदळाची पिशवी उचलायला लावली. कोपर काटकोनात, हात आडवा. "आजोबा, पिशवी कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर. तुमचा दंडाचा स्नायू हाडाला लागतो तो कोपरापासून पाच सेंटिमीटरवर. म्हणजे त्याला सातपट जोर लावावा लागतो. पाच किलो उचललेत तुम्ही, स्नायूने ओढले ३५. हाताचं स्वतःचं वजन तर अजून धरलंच नाही." आजोबा पिशवी तशीच धरून थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांकडून मुद्गल फिरवून घेतले. हे मले कोणी सांगितलं नाही." त्यांना मुद्दा लगेच कळला होता. मुद्गल लांब धरला की जड का होतो, हे त्यांचा खांदा आधीपासून जाणत होता.

आता न जमलेलं. सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या कोर्सात मधल्या परीक्षेत ५४, आणि कोर्सच्या शेवटी ७१. भारतात ७१ म्हणजे प्रथम श्रेणी. इथे मेडिसिनच्या अर्जाच्या तक्त्यात टक्क्यांचं चारपैकी आकड्यात रूपांतर होतं. ९० च्या वर ४.०, ८५ ते ८९ ला ३.९, ८० ते ८४ ला ३.७, आणि ७० ते ७२ ला २.७. छोटीचे त्या वर्षीचे दहा कोर्स असे: चार ४.०, चार ३.९, सेंद्रियच्या दुसऱ्या भागात ८२ म्हणून एक ३.७, आणि हा एक २.७. सरासरी ३.८०. सेंद्रियचा तो एक कोर्स काढून टाकला तर ३.९२. निवड झालेल्या मुलांचे आकडे ३.९ च्या आजूबाजूला घुटमळत असताना हा फरक छोटा नाही.

'किनेसिओलॉजी सोपी असते, गुण चांगले पडतात, म्हणून मेडिसिनसाठी बरी' असं सांगणारे पुष्कळ. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. गुण चांगले पडतात ते पदवीच्या आतल्या विषयांत, आणि तेही ज्याला त्यात गोडी आहे त्याला. मेडिसिनसाठी बाहेरून जे रसायन आणि भौतिक आणावं लागतं त्यात तुमच्या शेजारी रसायनाचे आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बसलेले असतात, आणि तिथे किनेसिओलॉजीची ऊब मिळत नाही. मग काही मुलं ते कोर्स टाळतात आणि एम्‌कॅटसाठी उन्हाळ्यात स्वतः वाचतात. ओटावा विद्यापीठ एम्‌कॅट मागत नाही, मॅकमास्टर विद्यापीठ त्यातला फक्त वाचन-आकलनाचा भाग बघतं, त्यामुळे तोही मार्ग आहे. पण तो घेतला की शिक्षकी पेशासाठीचा रसायन हा दुसरा विषय हातातून जातो. छोटीने कोर्स टाळले नाहीत. त्याची किंमत तिच्या सरासरीने दिली, आणि ती किंमत मोजायला मीच सांगितलं होतं, हे लिहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. तिसरं वर्ष बेडरूममधून. हृदयरुग्णांच्या व्यायाम केंद्रात ती मदतनीस म्हणून जाणार होती, ते फोनवरच्या चौकशीवर आलं. "काका, आज किती चाललात?" एवढंच. पण त्याच वर्षी विद्यापीठाने तिला पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनेची ऑनलाइन शिकवणी घ्यायला सांगितलं. मुलांसमोर सांगाडा नाही, मॉडेल नाही. हिने स्वयंपाकघरातून उलथणं आणि झारा आणला. दोन्ही समांतर धरले, म्हणजे तळहात वर. मग झाऱ्याचं खालचं टोक उलथण्यावरून तिरकं फिरवलं, म्हणजे तळहात खाली. हाताच्या दोन हाडांतली रेडियस अल्नावरून अशी फिरते. पुढच्या आठवड्यात सव्वीस मुलं कॅमेऱ्यासमोर आपापल्या घरातले चमचे घेऊन बसली. आईने मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून. "माझा झारा मला चार दिवस सापडत नव्हता."

२०२१ च्या उन्हाळ्यात एम्‌कॅट दिली. साडेसात तासांचा दिवस. एकूण ५०९, त्यात वाचन-आकलनात १२५. वाईट नाही, पण दार ढकलून उघडेल असंही नाही. त्या शरद ऋतूत दोन्ही अर्ज गेले. मेडिसिनचा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बी.एड.चा डिसेंबरच्या. दोन्ही ग्वेल्फच्या एकाच अर्ज केंद्रामार्फत, दोन वेगळ्या पोर्टलवरून. मेडिसिनच्या अर्जात तिने व्हॉलीबॉलचं प्रशिक्षण, हृदयरुग्णांचे फोन, चमच्यांची शिकवणी हे सगळं लिहिलं. बी.एड.च्या अर्जातही तेच लिहिलं. फरक एवढाच की दुसरा अर्ज एका बैठकीत लिहून झाला आणि पहिल्याचे सात मसुदे झाले. छोटीने हे मला हसत सांगितलं. मी हसले नाही, कारण मला तेव्हा पी.एस.के.४यू.च्या वहीचं कव्हर आठवलं.

मेडिसिनची एक मुलाखत आली. प्रतीक्षा यादीवर नाव लागलं. ओंटारिओत सगळ्या मेडिकल स्कूल्सचे निकाल मे महिन्यातल्या एकाच मंगळवारी येतात. त्या मंगळवारी घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. यादी पुढे सरकली नाही. बी.एड.ची जागा तिने त्याआधीच स्वीकारून ठेवली होती. आईचं म्हणणं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. लोक तीन-तीनदा करतात, आणि ते खरं आहे. छोटी म्हणाली, आधी बी.एड. करते.

त्या काळात आई माझ्याशी जरा तुटक बोलायची. तिचं म्हणणं मला कळतं. सेंद्रिय रसायनाचा तो आकडा माझ्या पानावरून आला होता.

बी.एड. एप्रिल २०२४ मध्ये संपलं. त्याच सप्टेंबरात तिला एका हायस्कूलमध्ये दीर्घ मुदतीची बदली जागा मिळाली. मुलाखतीत शारीरिक शिक्षणावर एक प्रश्न होता आणि रसायनावर पाच. जागा अकरावीच्या रसायनाची होती. पुढच्या वर्षी ती कायम झाली आणि वाट्याला आलेल्या तीन तासांत दोन रसायनाचे आले, एक पी.एस.के.४यू.चा.

इथे नाशिकच्या मामांचा पुन्हा फोन. त्यांचा मुलगा अकरावीत, नीटची भीती वाटते. "त्याला पण तिकडे किनेसिओलॉजीला पाठवू? तिथून मेडिसिनला जाईल." मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुण्या-नाशिकच्या एजंटांच्या तोंडी हा मार्ग मी ऐकला आहे. ओंटारिओ सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या प्रवेशांपासून इथल्या मेडिकल स्कूल्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जागा नाही, आणि किमान ९५ टक्के जागा ओंटारिओच्या रहिवाशांसाठी. त्याआधीही अशा जागा नगण्यच होत्या. चार वर्षांची परदेशी विद्यार्थ्याची फी भरून मुलगा ज्या दारापाशी पोचेल ते त्याच्यासाठी बंद असेल. त्याला हालचालीच्या शास्त्राचीच आवड असेल तर महाराष्ट्रात किनेसिओलॉजी हा विषय फिजिओथेरपीत आणि बी.पी.एड.मध्ये शिकवला जातो. मामा थोडे नाराज झाले. एजंट त्यांना जास्त गोड बोलला असणार.

नियम इतर बाजूंनीही हलले आहेत. क्वीन्स विद्यापीठाने २०२४ मध्ये पद्धत बदलली. किमान पात्रता गाठणाऱ्यांतून पुढच्या फेरीचे उमेदवार चिठ्ठ्या टाकून निवडायचे. म्हाडाच्या सोडतीची आठवण झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द ब्रॅम्प्टनमध्ये टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं मेडिकल स्कूल सुरू झालं. पहिली तुकडी ९४ जणांची, एम्‌कॅटची अट नाही, सरासरी किमान ३.३. छोटीच्या घरापासून गाडीने बारा मिनिटं. आईने ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. खाली काही लिहिलं नाही, नुसती लिंक. छोटीने अंगठा दाखवला. पुढे कोणी काही बोललं नाही. तिने अर्ज केला आहे का, हे मी विचारलेलं नाही.

दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चकली तोंडात असतानाच अमरावतीहून कॉल आला. आजोबा आता पंच्याऐंशीचे, ऐकू कमी येतं, पण शाळेचं वेळापत्रक विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. छोटीने सोमवार ते शुक्रवार सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"आन् पाणी आलं म्हणजे? तुह्या पिरेडले मंग कोण येते?"

"कोणी नाही आजोबा. इथे ग्राउंडला छप्पर आहे."

"अन् केमिस्ट्रीवाला मागत नाही तास?"

"केमिस्ट्रीवाली मीच आहे ना."